आमचा गुरुवार जंगलाने नेला

आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. पुण्याचे लोक रविवारी उशिरा उठून पोहे खात असतात तेव्हा आमच्याकडे शिफ्टच्या बस धावत असतात, आणि गुरुवारी पुणं कामाला लागलं की आकुर्डीपासून चाकणपर्यंत बहुतेक कंपन्यांची फाटकं बंद असतात. मी निगडीत टायपिंग आणि झेरॉक्सच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक सगळं कंपन्यांचं, म्हणून आमचं शटरही गुरुवारीच खाली.

माझ्यासाठी गुरुवार हा पत्रकांचा दिवस. वडील कंपनीत होते आणि त्याहून जास्त युनियनमध्ये होते. घरात मांडणीच्या फळ्यांवर, डब्यांखाली, गादीखाली उरलेली पत्रकं अंथरलेली असायची. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. 'कामगार बंधू-भगिनींनो' हे मला वाचता आलेलं पहिलं वाक्य, आणि त्यापुढचं उद्गारचिन्ह मला 'ज्ञ'च्या आधी ओळखू येत होतं. वडील निवृत्त झाल्यावर पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे आलं. कुणी दिलं नाही, मी घेतलं.

ती आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आली. लातूरकडची. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायच्या लाइनवर ती उभी असायची. मी एकदा कंपनीच्या बसथांब्यावर पत्रकं वाटत होते. बायका पत्रक घेतात, दुमडतात, बस दिसली की पळतात. किती जणी वाचतात ते विचारायची मला भीतीच वाटते. हिने मात्र बसमध्ये बसून वाचलं आणि संध्याकाळी पाठीवरची बॅग न काढता आमच्या दारात उभी राहिली.

"हे तू लिहिलीस का?"

"हो."

"एक वाक्य निगडीला सुरू झालं, मोशी आली तरी संपंना. तोवर माझा डोळा लागला बग."

आत वडील मोठ्याने हसले. मला राग आला आणि त्याच क्षणी ती आवडलीही.

तेव्हापासून गुरुवारी ती आमच्याकडे. मी लिहायचं, तिने तोडायचं. मग फरशीवर बसून घड्या. तिची बोटं वायरींच्या कामाने अशी सराईत झाली होती की माझी एक घडी होईपर्यंत तिचा गठ्ठा व्हायचा. घडी कशी, तर युनिफॉर्मच्या वरच्या खिशात बरोबर बसेल आणि मथळा बाहेर दिसेल अशी. वडील चहा आणून द्यायचे आणि म्हणायचे, "एक लिहिणारी, एक कातरणारी. आमच्या वेळी हे असतं तर निम्मा कागद वाचला असता." मला भाऊ-बहीण नाही. घरात अशी कुणी माझ्या बाजूने बसलेली असावी, हे सुख मला त्या फरशीवर पहिल्यांदा कळलं. तेवढं लिहून पुढे जाते.

मग तिच्या कंपनीने गुरुवार काढून घेतला. 'अर्जंट ऑर्डर आहे' म्हणत सुट्टीच्या दिवशीही बस यायला लागली. नाव ओव्हरटाइमचं, पण नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणणारीला दुसऱ्या दिवशी लाइनच्या अशा टोकाला उभं करत की संध्याकाळी खांदा वर होत नसे. मी लिहायला बसले. मला अजून ते वाक्य पाठ आहे : 'श्रमशक्तीच्या पुनर्निर्मितीसाठी साप्ताहिक विश्रांती अनिवार्य आहे.'

ती म्हणाली, "म्हणजे? कंपनीसाठीच झोपायचं का आम्ही?"

"तसं नाही. हा मुद्दा आहे."

"मग मुद्द्याला पाठव कामाला." तिने वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं : 'त्या दिवशी काय करायचं ते आमचं आम्ही ठरवू. कुणाला सांगत बसणार नाही.'

मी भांडले. यात युक्तिवाद कुठे आहे, असं विचारलं. ती म्हणाली, सुट्टीला कशाला पाहिजे युक्तिवाद, सुट्टी हाय ती. शेवटी कागदावर जागा कमी होती म्हणून तिचं वाक्य राहिलं.

पुढच्या गुरुवारी बस आली, दार उघडलं, आणि थांब्यावरची एकही बाई चढली नाही. सगळ्या आल्या होत्या, पण घरच्या कपड्यांत. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मग इंजिन बंद करून समोरच्या टपरीवर चहा प्यायला, मग रिकामी बस घेऊन गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच झालं. त्यानंतर कंपनीने गुरुवारी बस पाठवणं सोडून दिलं. वडिलांनी पेढे आणले आणि पहिला तिला दिला.

तर असा तो गुरुवार आम्ही परत मिळवला. आम्ही म्हणजे कोण, याबद्दल माझ्या मनात काही गोंधळ नव्हता.

पहिल्या मोकळ्या गुरुवारी मी सकाळीच फरशी पुसून ठेवली. पुढचं पत्रक बायकांच्या स्वच्छतागृहाबद्दल काढायचं होतं. ती खाली आली ती पाठीवर बॅग आणि कमरेला ओढणी बांधून.

"मी चालले जंगलात. लाइनवर माझ्या शेजारी ती उभी असते ना, तिच्या मामाच्या गावाकडं. भीमाशंकरच्या अलीकडं. लई मोठी झाडं हायत म्हणं."

"आज?"

"मग कधी? बाकीचे दिवस कामावर असते की मी."

हिच्या शेजारी उभी असणारी मला नुसती ऐकून माहीत होती. चाकणजवळच्या जुन्या गावातली, इथलीच. दोघींचे हात दिवसभर एकाच फळीवर चालतात, एकीने बांधलेला जुडगा दुसरी तपासते, एवढं मला ठाऊक होतं. मी "जा की" म्हणाले. फरशीवर एकटीने घड्या घातल्या. एकही खिशात बसण्यासारखी झाली नाही.

त्यानंतर दर गुरुवारी हेच. संध्याकाळी ती यायची, केसांत गवताची काडी, घोट्यांना लाल माती, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी की मला तिच्याकडे बघवत नसे. तिच्या मोबाइलवरच्या स्टेटसला फोटो असत : धुक्यात उभी ती आणि शेजारी ती दुसरी. दगडावर पाय सोडून बसलेली ती आणि दुसरीची नुसती सावली. मला सावली जास्त झोंबायची. फोटो काढणारी कोण हे सांगत असते ना ती. आणि ओढणी कमरेला बांधायची ती पद्धत, गाठ डाव्या बाजूला, तीही त्या दुसरीची होती. आमच्या फरशीवर इतके महिने बसूनही तिने माझ्याकडून एकही सवय उचलली नव्हती.

मत्सर आहे असं मी तेव्हा म्हटलं नाही. पत्रकांवर वाढलेल्या माणसाला आधी भूमिका सुचते. मी लिहून काढलं की डोंगर-जंगलांची ही हौस म्हणजे नवी गुंगी आहे. सुट्टीच्या दिवशी कामगार झाडं बघत बसला की मालकाला यापेक्षा काय हवं. आणि ज्यांच्या जमिनींवर हे कारखाने उभे राहिले त्यांनी उरलेल्या डोंगरावर सहलीला जावं हा केवढा विनोद आहे. दोन्ही बाजूंनी भरून लिहिलं. वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"यात मालक कोण आहे?"

"व्यवस्था."

"व्यवस्था न्हवं. तू भांडतेयस कुणाशी? नाव न घेता एखाद्या पोरीवर पत्रक काढतात का?"

वडील गावाकडची बोली फक्त रागावले की बोलतात. मी कागद ठेवून दिला. तिने तो नंतर माझ्या टेबलावर वाचला आणि एवढंच म्हणाली, "वाक्यं परत लांब झालीत. तू गेलीस का कदी जंगलात?"

"नाही."

"मग चल की. येत्या गुरुवारी."

मी गेले. जंगल बघायला नाही. मला माझा गुरुवार कुठे गेला ते बघायचं होतं, आणि तो परत आणायचा होता.

दिवाळी होऊन गेली होती. राजगुरुनगरच्या स्टँडवर ती दुसरी आधीच येऊन एसटीत जागा धरून बसली होती. लहानखुरी, दात थोडे पुढे, हसली की सगळा चेहरा हसायचा. तिने खिडकीजवळ माझ्या मैत्रिणीसाठी पिशवी ठेवली होती. मला बघून ती पटकन उठली.

"ताई, तुमी बसा खिडकीपाशी. तुमी पहिल्यांदाच येताय न्हाई का."

ताई. माझ्याहून वर्षभरानेही लहान नसेल. मी म्हटलं, "मला वारा लागतो," आणि मागच्या सीटवर बसले. संपूर्ण रस्ता त्या दोघींची डोकी माझ्यासमोर हलत होती. वाडा गावाच्या पुढे धरणाचं पाणी एका बाजूला लागलं, भातं कापून झालेली खाचरं लागली. माझ्या लक्षात राहिली ती डोकीच.

माझ्या पायात मैत्रिणीचे जुने सेफ्टी शूज होते, कंपनीचे, पुढे लोखंडी वाटी असलेले. माझ्याकडे दुसरे दणकट बूट नव्हते. गावात उतरल्यावर त्या दुसरीने बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं ताईंना तेच दिलेस व्हय? आपली काय गत झाली होती पहिल्या वेळंला?"

दोघी खो खो हसायला लागल्या. मला मग सांगण्यात आलं की पहिल्या वेळी दोघीही सेफ्टी शूज घालून आल्या होत्या, कारण घरात तेवढेच मजबूत होते, आणि उतरताना बोटं लोखंडावर आपटून दोघींची नखं काळी पडली होती. आता त्यांनी चाकणच्या बाजारातून कॅनव्हासचे बूट आणले होते. एकाच प्रकारचे, एकाच दुकानातून. ती काळी नखंही त्यांची सामाईक होती. मी तिथे नव्हते.

"मला सांगितलं असतंस तर," मी म्हणाले.

"इसरलेच ग," ती म्हणाली. विसरलीच असणार. खोटं बोलणं तिला येत नाही.

गाव संपल्यावर वाट चढायला लागली आणि हळूहळू झाडं जवळ आली. जांभळं, हिरडे, आणखी कसलीकसली; वरती सगळ्यांची मिळून एकच सावली. एका जुन्या आंब्यापाशी दोघी थांबल्या. त्या दुसरीने ओठांवर बोट ठेवलं. मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली, "हितून वढ्यापर्यंत बोलायचं नसतंय. आमचं ठरलंय तसं."

मी तिथल्या तिथे उसळले. "लाइनवर बोललात तर सुपरवायझर येऊन उभा राहतो. त्यावर आपण पत्रक काढलं. आणि इथे सुट्टीच्या दिवशी येऊन तुम्ही आपणहून तोंड बंद करता?"

"तिथं त्यो गप बसवतो म्हणून बसतो ग. हितं कोन हाय बसवायला?"

"तोच तर प्रश्न आहे!"

"ताई," ती दुसरी अगदी शांतपणे म्हणाली, "आमच्या कानात दिवसभर मशिनच वाजती. हितं आलं का पहिलं अर्ध्या वाटंपर्यंत तीच वाजत ऱ्हाती. बोललं का मग जातच न्हाई. एवढंच हाय. तुमाला बोलायचं आसंल तर बोला, आमी ऐकू."

मी गप्प चालू लागले. त्या दोघी पुढे. वाट अरुंद होती, दोघींना शेजारी चालता येत नव्हतं, तरी त्यांची पावलं एकत्र पडत होती. ओळीत एक थांबली की दुसरी न बघता थांबायची. लाइनवर शिकल्या असणार. माझ्या डोक्यात मशीन वाजत नव्हतं. माझ्या डोक्यात मीच वाजत होते, आणि मला बंद करायला ओढ्यापर्यंतची वाट पुरली नाही.

मध्येच दुसरीने हात वर केला. वर फांद्यांत काहीतरी सळसळलं. शेकरू. मैत्रिणीने तिच्या खांद्यावर हात ठेवून टाचा उंचावल्या, मग मागे हात करून मला पुढे ओढलं, माझी हनुवटी धरून वर केली. तिथे, तिथे, असं ती नुसत्या डोळ्यांनी सांगत होती. मला पानं दिसली. पानांमागे पानं दिसली. एक फांदी हलताना दिसली, पण ती हलून झाल्यावर. त्या दोघींचे चेहरे एकाच जागेवरून दुसऱ्या जागेवर एकाच वेळी सरकत गेले आणि थांबले. गेलं ते. मी मान हलवली, म्हणजे दिसलं अशी. मैत्रिणीला कळलं. तिने काही म्हटलं नाही, आणि मला वाटलं, निदान आता तरी बोल.

ओढ्याशी पोचल्यावर बोलणं सुरू झालं. पाणी थोडंच होतं, खडकांमधून वाहणारं. मैत्रिणीने बॅगेतून भाकऱ्या काढल्या. आणि त्या माझ्या पत्रकांत गुंडाळलेल्या होत्या.

गुरुवारच्या पत्रकात. मथळ्यावर तेलाचा डाग होता.

"हे काय आहे?"

"उरलेली होती ना गठ्ठ्यात. कोरी बाजू आतून हाय, शाई नाही लागत."

"ते गुंडाळायला छापलं होतं का आपण?"

"तुझ्याच घरात डब्याखाली असत्यात की!"

खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी म्हणाले की तुला आता या कागदाचा उपयोग एवढाच राहिलाय. गुरुवारसाठी आपण थांब्यावर उभ्या राहिलो, आणि मिळालेला दिवस तू इथे आणून झाडांना देतेस. मी दर गुरुवारी एकटी फरशीवर बसते, हे कधी डोक्यात तरी येतं का. एका दमात. ही सगळी वाक्यं लांब होती आणि तिने एकही तोडलं नाही.

ती दुसरी मध्ये पडली नाही. तिने भाकरी काढून पानावर ठेवली आणि कागद मांडीवर सरळ केला. मला वाटलं, पुसतेय. ती वाचत होती. तिच्या थांब्यावर तिनेही तो घेतला असणार, खिशात घातला असणार, आणि बस आली असणार. आत्ता तिला बस पकडायची नव्हती. बोट ओळीखाली धरून, एकेक शब्द उच्चारत तिने वाचलं :

"'त्या दिवशी काय करायचं ते आमचं आमी ठरवू. कुनाला सांगत बसनार न्हाई.'" मग वर बघून, "ताई, हे लई झ्याक लिवलंय तुमी."

ओढा वाहत होता. मैत्रीण माझ्याकडे बघत होती. हसू येत होतं तिला, पण ती हसली नाही. 'ते माझं वाक्य आहे' असं म्हणायची तिला पूर्ण संधी होती. ती म्हणाली, "हां. चांगलं लिहिते ती."

मी ठेचा घेतला. भाकरी घेतली. बाकी सगळी पत्रकं मी लिहिली होती, आणि जंगलात कुणीतरी मोठ्याने वाचावं असं एकच वाक्य निघालं, ते तिचं. तेही आता माझ्यावरच चाललं होतं.

उतरताना माझी बोटं लोखंडी वाटीवर आपटत होती. ती दुसरी बरीच पुढे गेली. मला वाटतं मुद्दाम. मैत्रीण माझ्या चालीने चालत होती.

"पुढच्या गुरुवारी?" मी विचारलं.

"पुढच्या गुरुवारी परत हितंच. पल्याडच्या दरीत जायचंय."

"आणि पत्रक?"

"बुधवारी शिफ्ट सुटल्यावर बसू. मी कधी नाही म्हणले?" मग थोडं चालून, "तू मला कामावरनं सोडवलीस आणि परत कामालाच लावायलीस. मला तू पाहिजे ग. पण गुरुवार मला माझा पाहिजे."

मला तो माझा हवा होता. त्यासाठी तिला सांगण्यासारखं असं एकही कारण माझ्याकडे नव्हतं, जे तिच्या कंपनीने आधीच दिलं नव्हतं आणि आम्ही पत्रकात खोडून काढलं नव्हतं.

आता आम्ही बुधवारी बसतो. पहिल्या बुधवारी ती एकटी आली नाही. त्या दुसरीलाही घेऊन आली. तिलाही घडी घालता येते. चांगली घालते. वडील तिला चहा देतात आणि तिच्या गावच्या जुन्या ओळखी काढत बसतात. मी लिहिते आणि कातरायला आता दोघी आहेत.

मध्यंतरी शेजारच्या कंपनीतल्या बायका आल्या. त्यांचाही गुरुवार गेला होता. पत्रक काढायचं ठरलं. मी लिहायला बसले तेव्हा त्या दोघींनी सुचवायच्या आधी मी स्वतःच ते वाक्य घातलं : त्या दिवशी काय करायचं ते आमचं आम्ही ठरवू. माझ्या अक्षरात लिहिलं. घालताना मला नीट माहीत होतं की याचा शेवट काय होणार. झालाही. बस रिकामी गेली, त्यांचा गुरुवार त्यांना मिळाला, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांच्यातल्या चारजणी कॅनव्हासचे बूट घालून एसटीच्या रांगेत उभ्या होत्या. फोटोत आता मागे सावल्यांची गर्दी असते. मी वाटलेल्या प्रत्येक पत्रकाने तिला नव्या मैत्रिणी मिळवून दिल्यात. तरीही मी पत्रकं वाटते, कारण मागणी बरोबर आहे.

गुरुवारी सकाळी जिन्यावरून तिचे बूट उतरतात. आमच्या दारापाशी ते थांबतात. ती हाक मारत नाही, मीच तिला मारू नकोस म्हणून सांगितलंय. आणि ती जेवढी थांबते तेवढी मी दाराच्या आत उभी असते. मग बूट खाली जातात. माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख अजून काळं आहे. चाकणच्या त्या दुकानात मी परवा जाऊन आले. माझ्या मापाचे बूट नव्हते. मागवून ठेवा म्हणून सांगितलंय.